वर्ड-मीनिंगची वही

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील धर्मशिक्षण वर्गात घडलेला प्रसंग आहे. क्रुसाच्या वाटेची तयारी चालली होती. मुलांना काही विचारावे म्हणून मी सहज प्रश्न टाकला, ‘‘पॅशन ऑफ क्राइस्ट असे आपण म्हणतो, त्यातल्या पॅशनचा अर्थ काय?’’ सहावीतील एका मुलीने क्षणाचाही विलंब न लावता हात वर केला. ‘‘तीव्र आवड, फादर.’’ वर्गातल्या मोठ्या मुलांनीही माना डोलावल्या. कोणी हसले नाही. हसण्यासारखे त्यांना काही वाटलेच नव्हते. मुलीच्या वहीत तसेच लिहिलेले होते: शब्द, त्याचा देवनागरीतील उच्चार आणि अर्थ. तीन रकाने, लाल शाईने आखलेले, बाईंची बरोबरची खूण केलेले. ख्रिस्ताची तीव्र आवड!

त्या मुलीची आजी मराठी प्रार्थनापुस्तक हाती घेऊन दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला येते. तिला इंग्रजीचे अक्षर येत नाही. परंतु ‘दुःखसहन’ हा शब्द उच्चारताना तिचा आवाज बदलतो. नातीला इंग्रजी शब्द येतो, त्याचा वहीतला अर्थही येतो आणि तिच्या हाती काहीच लागत नाही. मूळ लॅटिन धातूचा अर्थ सोसणे असा आहे. मनाला जे व्यापून टाकते, ज्यापुढे माणूस हतबल होतो, त्यालाही पुढे हाच शब्द लागला आणि आज जाहिरातवाले क्रिकेटच्या बॅटपासून कपड्यांच्या दुकानापर्यंत सर्वत्र तोच वापरतात. त्याच धातूपासून आलेल्या ‘पेशंट’ या शब्दाचा अर्थ वहीत ‘रुग्ण’ असा आहे. तोही बरोबरच. पण पेशंट म्हणजे मुळात सोसणारा, आणि ‘बी पेशंट’ म्हणजे रुग्ण हो असे नव्हे, हे मुलाला कोण सांगणार?

या वर्ड-मीनिंगच्या वहीविरुद्ध मला आज लिहायचे आहे. इंग्रजीविरुद्ध नव्हे. हा खुलासा आरंभीच करतो, कारण या विषयावर तोंड उघडताच ‘फादर स्वतः इंग्रजी शिकले आणि आमच्या मुलांना अडवतात’ असा आक्षेप येतो. तो आक्षेप मी पुढे विचारात घेणार आहे. तत्पूर्वी माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ही वही मीही पाठ केलेली आहे.

मी मराठी माध्यमाच्या खेड्यातील शाळेत शिकलो. आमच्या काळी इंग्रजीचे पहिले अक्षर पाचवीत भेटत असे. दहावीपर्यंत मी शेकडो शब्दांचे अर्थ घोकले. त्यांतला एक ‘अ‍ॅक्सिडेंट’ म्हणजे अपघात. पुढे गुरुविद्यालयात तत्त्वज्ञानाचा अभ्यास सुरू झाला. सर्व व्याख्याने इंग्रजीत. एके दिवशी प्राध्यापकांनी सांगितले की पवित्र मिस्सात भाकरीचे सबस्टन्स बदलते, पण अ‍ॅक्सिडेंट्स तशीच राहतात. मी वहीत प्रामाणिकपणे लिहून घेतले: भाकरीचे अपघात तसेच राहतात. सबस्टन्सचा अर्थ कोशात ‘पदार्थ’ असा मिळाला. पदार्थ बदलतो, अपघात राहतात. मी ते तसेच पाठ केले, परीक्षेत इंग्रजीत लिहिले, उत्तीर्णही झालो. विचारण्याचे धाडस माझ्यात नव्हते. वर्गात मुंबईची, गोव्याची, मंगळूरची मुले होती. त्यांच्यासमोर मराठवाड्यातल्या मुलाने उभे राहून ‘अपघात म्हणजे काय’ असे विचारायचे?

बऱ्याच महिन्यांनी सुट्टीत एका वयोवृद्ध फादरांपाशी मी हे बोलून दाखवले. ते मनमोकळे हसले आणि मला त्यांनी स्वयंपाकघरात नेले. तिथे पाण्याचा तांब्या होता, काळवंडलेला. ते म्हणाले, ‘‘हा चिंचेने घासला की चकचकीत होतो, ठेवून दिला की काळा पडतो. ठोका बसला की पोचा येतो. पण तांब्या तो तांब्याच. रंग, चकाकी, पोचा हे वरून येऊन पडलेले. त्याला म्हणायचे अ‍ॅक्सिडेंट. ज्याच्या आधाराने हे सारे राहते, जे खाली उभे असते, ते सबस्टन्स.’’ पाच मिनिटांत, मराठीत, एका तांब्यावर अ‍ॅरिस्टॉटल आणि संत थॉमस अक्वायनस मला समजले. येऊन पडणे हाच त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ आहे. रस्त्यावर जे अचानक येऊन कोसळते तो अपघात, आणि वस्तूच्या अंगावर जे वरून येऊन पडते तो तिचा आगंतुक गुण. दोन्ही अर्थ एकाच मुळाचे. वहीतल्या रकान्यात मात्र एकाच अर्थाला जागा होती.

एका शब्दासमोर एक शब्द, मध्ये बरोबरीचे चिन्ह. जणू भाषा म्हणजे नाणी मोडून देणाऱ्याची पेढी, एक रुपया द्या आणि शंभर पैसे घ्या! भाषा अशी चालत नाही. ‘मास’ हा शब्द घ्या. विज्ञानाच्या पुस्तकात त्याचा अर्थ वस्तुमान. आमच्या देवळात मिस्सा. दोन्हींचे स्पेलिंग एकच, आणि दोहोंचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. एक शब्द गोळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. दुसरा उपासनेच्या अखेरीस लोकांना निरोप देताना म्हटल्या जाणाऱ्या लॅटिन वाक्यातून. ‘होस्ट’ची गंमत तर याहून मोठी. पाहुण्याचे स्वागत करणारा तो होस्ट, वहीत अर्थ ‘यजमान’. वेदीवरील होस्ट निराळा. तो बळी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. आणि आमच्या मराठीतला यजमान मुळात कोण? यज्ञ करणारा. घरी आलेल्यांचा पाहुणचार करणारा तो यजमान, आणि बायका नवऱ्याला म्हणतात तोही यजमान. दोन अगदी निराळ्या वाटांनी दोन भाषा यज्ञ आणि पाहुणचार यांना एका शब्दापाशी आणून सोडतात. असे काही वर्गात सांगितले तर मुले तास संपला तरी उठणार नाहीत. पण तीन रकान्यांच्या वहीत हे बसत नाही, आणि परीक्षेत येत नाही.

याहून वाईट बाब अशी की, वहीतला मराठी अर्थही पुष्कळदा मुलाला ठाऊक नसतो. ‘फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण’ असे घोकणाऱ्या मुलाच्या पदरात काय पडते? एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा अनोळखी शब्द, आणि दोन्ही पाठ करण्याचे श्रम. ‘इव्हॅपोरेशन म्हणजे बाष्पीभवन.’ त्याची आई रोज म्हणते, ‘‘पातेल्यातलं पाणी आटलं.’’ आटणे हा शब्द वहीत नाही. ‘जर्मिनेशन म्हणजे अंकुरण.’ बाप म्हणतो, ‘‘यंदा उगवण बरी झाली.’’ तोही शब्द वहीत नाही. मी एका मुलाच्या मार्गदर्शिकेत ‘ड्राउट म्हणजे अवर्षण’ असे पाहिले. मराठवाड्यातील मूल ते! १९७२ च्या दुष्काळाच्या कथा आजोबांच्या तोंडून ऐकलेले, टँकरच्या रांगेत स्वतः हंडा घेऊन उभे राहिलेले. अवर्षण म्हणजे काय असे विचारले तर गप्प. दुष्काळ म्हणताच बोलू लागले, थांबेना. इंग्रजी शब्द आणि त्या मुलाचा अनुभव यांच्यामध्ये आम्ही पुस्तकी मराठीची एक भिंत बांधून ठेवली आहे, आणि तिला अर्थ म्हणतो. हा दोष केवळ इंग्रजीच्या हव्यासाचा नाही. मराठी पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांनीही लोकांच्या तोंडचे शब्द पुष्कळदा दाराबाहेरच ठेवले.

आपल्या शहराला हा प्रश्न नवा नाही. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. त्याआधी औरंगाबाद, आणि मलिक अंबरने १६१० मध्ये नगर वसवले तेव्हा खडकी. इंग्रजी शब्दांना देशी अर्थ देण्याचे एक फार मोठे काम याच शहरात झाले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? निजामाच्या राजवटीत १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. वैद्यक, विज्ञान, इतिहास सारे उर्दूतून शिकवायचे असा त्याचा संकल्प होता आणि त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतराचे एक स्वतंत्र खाते उभारले गेले. मौलवी अब्दुल हक हे या चळवळीचे एक धुरीण. पुढे उर्दूजगताने त्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हटले. त्यांचे वास्तव्य दीर्घकाळ औरंगाबादेत होते. त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालयही कित्येक वर्षे येथेच होते, आणि त्यांनी संपादित केलेला मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्ये या संस्थेच्या औरंगाबादच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्या मंडळींनी इंग्रजी शब्द उचलून रकान्यात टाकले नाहीत. अर्थासाठी भांडणे केली, वर्षे घालवली.

अर्थात नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती मराठवाड्याने भोगली आहे. त्याच राजवटीत आमच्या मराठी बोलणाऱ्या आजोबांना शाळेत बेरीज-वजाबाकी नव्हे तर जमा-तफरीक शिकावी लागली. गुणाकार म्हणजे जरब, भागाकार म्हणजे तकसीम. उर्दू ही गोड भाषा आहे, तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु घरच्या भाषेला शाळेच्या दाराबाहेर जोड्याप्रमाणे काढून ठेवायला लागणे म्हणजे काय, हे १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी ज्यांनी अनुभवले त्या पिढीने नंतर मराठी शाळांसाठी जिवाचे रान केले. त्यांचीच पतवंडे आज स्वखुशीने तेच जोडे पुन्हा बाहेर काढून ठेवत आहेत. यंदा जमा-तफरीकच्या जागी प्लस-मायनस आहे, इतकाच फरक.

शासनाचेही काय सांगावे! प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा आला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला, महाराष्ट्र पेटून उठला आणि २९ जूनला तो निर्णय मागे घ्यावा लागला. तिसरी भाषा कोणती यावर रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्या समाजाने दुसरी भाषा कशी शिकवली जाते, हा प्रश्न मात्र पंचवीस वर्षांत एकदाही मोठ्याने विचारला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला. पेढेही वाटले गेले. आणि त्याच आठवड्यात माझ्या कार्यालयात एक जोडपे विचारायला आले की, मुलाला घरी मराठी बोलू देऊ नका असे शाळेत सांगितले आहे, ते पाळले तर पाप लागेल का!

आता आपल्या घराकडे वळतो. मराठवाड्यात ‘कॉन्व्हेंट’ शब्दाचा अर्थ काय? लॅटिनमध्ये एकत्र येणे. त्यावरून व्रतस्थ भगिनी जेथे एकत्र राहून प्रार्थना करतात ते घर. मराठीत मठ म्हणा. आणि आमच्या रस्त्यांवर? दोन खोल्या, रंगीत भिंती, बसची सोय, टाय. जिथे एकही धर्मभगिनी कधी पाऊल ठेवणार नाही अशा ठिकाणी कॉन्व्हेंटची पाटी झळकते, आणि रोमने ज्यांना कधीही संतपद दिले नाही असे संत त्या पाट्यांवर विराजमान असतात. लोक हसतात, मीही हसतो. पण या शब्दाचा अर्थ असा कोणी बदलला? आपणच बदलला. मिशनच्या शाळा आपल्या, त्यांची शिस्त आपली, त्यांची कीर्तीही आपली. त्या कीर्तीतून सेवा गळाली आणि इंग्रजी तेवढी उरली. बाजाराने आपली नक्कल केली, म्हणून बाजाराला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आणि हे ज्यांच्या नावाने चालते ते मिशनरी कोण होते? या भागात श्रद्धेचे बी ज्या फ्रान्सलियन फादरांनी पेरले, त्यांच्या संस्थेचा जन्म १८३८ साली सव्हॉयमधील आन्सी गावी झाला. त्यांची मातृभाषा फ्रेंच. इंग्रजी ही त्यांनाही परकीच. घोगरगावसारख्या खेड्यात राहून ते लोकांची मराठी शिकले. त्याहून तीनशे वर्षे मागे जा. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे तर अस्सल इंग्रज, विल्टशायरचे. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून इतिहास त्यांचे नाव घेतो. त्यांनी येथे येऊन काय केले? इंग्रजीचे वर्ग काढले? त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले. ते १६१६ मध्ये छापून निघाले. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. योग्य केले की अयोग्य, यावर धर्मपंडित खुशाल वाद घालोत. पण त्या माणसाने अर्थ शोधण्यासाठी लोकांच्या घरात प्रवेश केला, हे कोणालाही नाकारता येणार नाही. जेथे अर्थ सापडला नाही तेथे शब्द तसाच ठेवला. क्रूस, मिस्सा, पाद्री हे शब्द असेच रुळले, जसे चावी, पगार, बटाटा आणि घमेले रुळले. परका शब्द घेण्यात कमीपणा नाही. इंग्रजांनी नाही का आपला मुंगूस उचलून ‘मंगूस’ केला?

एकोणिसाव्या शतकातही हेच दिसते. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. कँडी साहेबांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. बाबा पदमनजी हे आपलेच, ख्रिस्ती. त्यांनी १८६३ मध्ये मोल्सवर्थचा संक्षेप सिद्ध केला. मोल्सवर्थ उघडून पाहा. एकेका शब्दाला अर्थाच्या चार-चार छटा, म्हणी, बोलीतील वापर. परकी माणसे आपल्या एका शब्दासाठी अर्धे पान खर्च करीत होती. आपण त्यांच्या एका शब्दासाठी एक रकाना देतो. तोही अरुंद.

आता तो आक्षेप. वाळूजच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या एका धर्मग्रामवासी बंधूंनी तो माझ्यासमोर मांडला, आणि मी जन्मभर विसरणार नाही अशा शब्दांत मांडला. ते म्हणाले, ‘‘फादर, गावात माझ्या बापाला सगळे अरे-तुरे करीत. मालकाचं दहा वर्षांचं पोरगंसुद्धा. मराठीत माणूस तोंड उघडतो तेव्हाच समोरच्याची जात मोजतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. माझ्या पोराला तो ‘यू’ पाहिजे. तुमचं मराठीचं प्रेम तुमच्यापाशी ठेवा.’’

मी त्या दिवशी निरुत्तर झालो. आजही या म्हणण्यातील वेदना मी नाकारीत नाही. ज्यांच्या पूर्वजांना मराठीने ‘आपण’ म्हटले नाही त्यांना मराठीच्या अभिमानाची प्रवचने देण्याचा अधिकार कोणाला आहे? इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हटले गेले ते उगाच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये याच शहरात महाविद्यालय काढले. नागसेनवनातून शिकून गेलेल्या पिढ्यांनी ज्ञानाची दारे ढकलून उघडली. आमच्या लेकरांनी इंग्रजी शिकलेच पाहिजे, आणि उत्तम शिकले पाहिजे.

परंतु त्या बंधूंना मी नंतर एक गोष्ट सांगितली. जुन्या इंग्रजीत दोन शब्द होते. जवळच्याला आणि खालच्याला ‘दाऊ’, म्हणजे आपले ‘तू’; अनेकांना आणि वरच्याला ‘यू’, म्हणजे आपले ‘तुम्ही’. कालांतराने ‘दाऊ’ गळून पडले आणि नोकरापासून राजापर्यंत सर्वांना ‘यू’ लागू झाले. म्हणजे इंग्रजांनी सर्वांना एकदम अहो-जाहोत घेतले! सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी उलट बाजूने हट्ट धरला. मोठ्यातल्या मोठ्या अधिकाऱ्यालाही ते ‘दाऊ’च म्हणत, आणि त्यापायी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग सोसला. ‘‘तुमच्या मनाने जे ओळखले ते खरे आहे,’’ मी म्हणालो, ‘‘पण वहीत ‘यू म्हणजे तू, तुम्ही’ एवढेच आहे. तुमच्या पोराला हा इतिहास कोणी सांगितला का?’’ आमची इंग्रजी माध्यमाची मुले जुन्या इंग्रजी प्रार्थनेत देवाला ‘दाऊ’ म्हणतात आणि समजतात की हा देवासाठी राखून ठेवलेला फार आदराचा शब्द आहे. आजीने देवाला आयुष्यभर ‘तू’ म्हटले. दोघी एकच शब्द उच्चारीत आहेत, हे दोघींनाही ठाऊक नाही. ते बंधू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘मग असं शिकवा की, फादर. नाही कोण म्हणतंय?’’

त्यांचे हे म्हणणे खरे होते आणि मला लागले. कारण वह्या तपासणाऱ्या शाळांतील एका शाळेच्या व्यवस्थापनात मी स्वतः काही वर्षे बसलो होतो. दर शनिवारी वीस शब्दांची चाचणी, दहापेक्षा कमी गुण आले तर पालकांची सही. मी ती पद्धत पाहिली, तिची प्रशंसाही केली. निकाल चांगले लागत होते. त्या मुलांपैकी कोणाला एखादे इंग्रजी पुस्तक स्वतःच्या आनंदासाठी वाचता येते का, हे मी विचारले नाही. आज विचारतो. बहुतेकांना येत नाही. शब्द हजार येतात, वाक्य येत नाही. आणि मराठी वाचनाची सवय केव्हाच सुटलेली. ‘व्हिलन म्हणजे खलनायक’ हे सर्वांना येते. हा शब्द मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणाऱ्या माणसाचा होता, आणि राबणाऱ्याचे नाव पुढे दुष्टाचे नाव कसे झाले, हे वैजापूर-गंगापूरच्या शेतमजुरांच्या मुलांना सांगितले असते तर त्यांना इंग्रजीही कळली असती आणि जगही. शब्दांच्याही जाती असतात, त्यांनाही वाळीत टाकले जाते, हे आमच्या मुलांना दुसऱ्या कोणापेक्षा लवकर समजेल. ते आम्ही त्यांच्यापासून लपवून ठेवले.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि ती मी आपल्या शाळांच्या व्यवस्थापकांपुढे, धर्मभगिनींपुढे आणि पालकांपुढे ठेवतो. आठवड्याला वीस शब्द नकोत, पाच पुरेत. पण प्रत्येक शब्द वाक्यातून यावा, आणि मुलाने त्याचा अर्थ आधी घरी जाऊन विचारावा: आजी, पाणी आटते त्याला तू काय म्हणतेस? जो अर्थ घरी सापडेल तोच वहीत आधी लिहिला जावा, पुस्तकी शब्द त्याखाली. धर्मशिक्षणाचा वर्ग, निदान पहिल्या ख्रिस्तप्रसादापर्यंत, मराठीत असावा. मूल कोणत्याही माध्यमाचे असो. आणि ‘घरी मराठी बोलू नका’ अशी चिठ्ठी आपल्या एकाही शाळेतून जाऊ नये. गेली असेल तर ती परत मागवावी.

यातला पहिला प्रयोग मी आमच्या रविवारच्या वर्गात सुरू केला आहे. फार यश आले असे म्हणवत नाही. अर्धी मुले घरी विचारीतच नाहीत, मोबाइलमधून अर्थ उतरवून आणतात. दोन मातांनी मुलांना वर्गातून काढले. वेळ वाया जातो असे त्यांचे म्हणणे पडले. पण पॅशनचा अर्थ तीव्र आवड सांगणारी ती मुलगी गेल्या महिन्यात ‘पेशंट’ हा शब्द घेऊन घाटीच्या रुग्णालयात गेली होती. आजी तेथे दाखल होती. नातीने आजीला समजावले की तू पेशंट आहेस, आणि फादर म्हणतात पेशंट म्हणजे सोसणारा. आजी म्हणाली, ‘‘मग पलंगावर निजायच्या आधीपासूनच म्हण की गं.’’ हे उत्तर मुलीने वहीत जसेच्या तसे लिहून आणले आहे, तिसऱ्या रकान्यात, आणि रकाना पुरला नाही म्हणून समासातही.

ज्या पालकांना माझे म्हणणे मान्य नसेल त्यांनी या त्रैमासिकाकडे आपले उत्तर अवश्य पाठवावे. संपादकांनी जागा दिली तर पुढील अंकात त्याचा विचार करीन. इंग्रजीत लिहिले तरी चालेल.